कात्रजच्या अलीकडे

पहाटेचे पावणेचार.
नव्या बोगद्यात झोप येते म्हणतो दस्तगीर
आणि गाडी जुन्या घाटाला घालतो.
मागे आडवे झालेत दोन अ‍ॅम्प, ड्रमचा मोठा पिंप, वृंदा,
आणि इमॅन्युएलची बास, जिला सीटबेल्ट आहे.
आम्हाला नाही.

हिशेब माझ्याकडे असतो.
इचलकरंजी, कॉलेजचं गॅदरिंग.
ठरले अठरा हजार, मिळाले अकरा,
उरलेले सर सोमवारी सोडणार.
डिझेल बेचाळीसशे. टोल सहाशे. जेवणं सतराशे,
पांढरा रस्सा दोनदा मागवला म्हणून.
एक तुटलेली तार, एकशे ऐंशी.
दस्तगीरचे अठराशे, ते आधी.
आणि एक हार, गळ्यात घालून
फोटो झाल्यावर परत मागून घेतलेला.
तो कुठल्या रकान्यात मांडू?

फ्लेक्सवर छापलं होतं,
'पुण्याचा सुप्रसिद्ध ब्लाउज बँड'.
कापडाचं गाव. कुणालाच खटकलं नाही.
पुढच्या रांगेतला एक पोरगा तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबला,
मग सभ्यपणे म्हणाला,
सर, यात नाचायचं कुठनं?

चौथ्याला लाईट गेली.
माझी गिटार नुसती लाकूड झाली,
आणि तेव्हा कळलं, की भिंतीपलीकडे इतका वेळ
काहीतरी चालू होतं, जे आता बंद पडलंय.
सगळ्या गल्लीचे माग.
त्या गावाला शांतता अंगावर येते,
माणसं चुळबुळत उठायला लागली.

अंधारात भरमूनं काठी टेकवली.
ड्रमच्या कडेवर, हलकेच.
खटक् खट, खटक् खट,
लंगडत चालणारी ती चाल,
जिच्यासाठी कॅम्पातली जाणकार मंडळी त्याला विचारतात
कुठे शिकलास, आणि तो सांगतो,
अमेरिकन कॅसेटी ऐकून.
पोस्टरवर त्याचं नाव बॉबी असतं.

मागच्या खुर्च्यांतून एक म्हातारा आवाज आला,
'डावीकडं धोटा अडकतोय रं तुझा.'

भरमू थांबला नाही.
डावा हात जरा सैल सोडला.
'हां. आत्ता.'

मग वृंदा माइकशिवाय गायली,
आईच्या थकलेल्या वीजबिलावरचं, धनकवडीत रचलेलं.
एक ओळ दोनदा म्हणायची,
तिसरीनं त्या दोघींना उत्तर द्यायचं, असा आमचा कायदा.
काल ती पहिलीच म्हणत राहिली.
सहा वेळा, सात वेळा.
तिसरी तिला सापडेना की द्यायची नव्हती, मी विचारलं नाही.
इमॅन्युएल नुसता पायानं जमीन वाजवत होता.

लाईट आली.
डीजेही आला.

घाटमाथ्यावर दस्तगीर टायर बघायला उतरतो.
खाली पुणं पसरलंय, कुणी विझवायला विसरल्यासारखं.
भरमू जागाच आहे.
'दादांचा माग भंगारात गेला,' तो म्हणतो, 'किलोवर.
मी धरून उचलू लागलो होतो टेम्पोत.'
एवढंच. मग चुना मागतो.
कॅसेटींचं मी काही काढत नाही.

आठच्या प्रार्थनेला हीच बास नाना पेठेत उभी राहील,
इस्त्रीच्या शर्टात, शहाण्यासारखी.
वृंदाला उद्या नऊला विम्याच्या ऑफिसात बसायचंय.
भरमूचे चार विद्यार्थी, बिबवेवाडीत, सगळ्यांना रॉक शिकायचंय.
मला गिटारची तार टाकायची,
आणि सोमवारी सरांना फोन, जो ते उचलणार नाहीत.

माणशी सहाशे तीस.
वहीत लिहितो. हाराच्या पुढे रेघ मारतो.

गाडी उतरणीला लागते.
भरमूची बोटं डॅशबोर्डवर चालू आहेत,
डावीकडे पुन्हा किंचित अडकतंय.
दस्तगीर त्याच्याकडे एकदा बघतो,
आणि रेडिओकडे नेलेला हात
परत गिअरवर ठेवतो.